सुगडातली ज्वारी

सगळी मुळं निळी निघाली.

पहिली काचपट्टी मी बाजूला ठेवली आणि दुसरी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तीही निळी. तिसरी, चौथी, पुढची. खिडकीतलं ऊन टेबलावरून फरशीवर उतरेपर्यंत मी पाहत राहिलो. ज्वारीच्या केसासारख्या बारीक मुळांत बुरशी छान पसरली होती. कुठं दोरे, कुठं पेशीच्या पोटात इवल्याशा झाडासारखी नक्षी. पेनातली शाई व्हिनेगरमध्ये मिसळून मुळं तीत उकळली की बुरशी अशी निळी होते आणि बाकीचं मूळ पारदर्शक राहतं. एरवी ते पाहून मला बरं वाटायचं. त्या दिवशी मला कोरी मुळं हवी होती, आणि एकही मिळत नव्हतं.

ती का हवी होती ते सांगायला हवं. सोपं सांगता न येणारा माणूस अशीच माझी ख्याती आहे, तरी प्रयत्न करतो. बहुतेक पिकांच्या मुळांत एक बुरशी राहते. रोग करणारी नव्हे. एखाद्या सभ्य भाडेकरूसारखी. झाड तिला साखर देतं, ती लांबच्या मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, त्याला आणून देते. झाडाच्या कोणत्या जनुकांमुळे हा शेजार जमतो, ते शोधणं माझं काम होतं. त्याची रीत थोडी उलटी आहे. बियाण्यावर किरणांचा मारा करतात, म्हणजे त्यात कुठं ना कुठं काहीतरी बिघडतं. मग त्यातून असं झाड हुडकायचं, ज्याच्या मुळांत बुरशी शिरतच नाही. न उघडणारं दार सापडलं, की कडी कुठं असते ते कळतं.

मराठवाड्यातल्या एका ज्वारी संशोधन केंद्रात मी तेव्हा होतो. वय चाळिशीचं, घरी एकटा. बरीच वर्षं मुळं धुतल्यावर मला असं एक वाण मिळालं होतं. त्याचा नंबर सत्तेचाळीस, आणि तेच त्याचं नाव झालं. कुंडीत लावलं की मुळं काचेसारखी कोरी. पण एक झाड कोरं निघालं म्हणजे जनुक सापडलं असं होत नाही. मी सत्तेचाळीसचा संकर आपल्या साध्या मालदांडी ज्वारीशी केला. त्यांची मुलं सगळी बुरशी घेणारी निघाली; ते अपेक्षितच होतं. खरी परीक्षा नातवंडांत असते. एकाच जनुकाचा बिघाड असेल, तर नातवंडांत चारांत एक आजोबांवर जातं, म्हणजे कोरं निघतं.

एकही गेलं नव्हतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की सत्तेचाळीस मुळात कधी कोरं नव्हतंच. मीच रंगवताना काहीतरी चुकलो असेन. दुसरा विचारही तोच होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी केंद्राची वार्षिक बैठक होती. कोणाची योजना पुढं चालवायची आणि कोणाची मिटवायची ते तिथं ठरे. माझी योजना बरीच वर्षं नुसती मुळं रंगवत होती, त्यामुळे ती काठावर होती. ती मिटली की काचघरातला माझा कोपरा जाणार, सत्तेचाळीसचं बी शीतकपाटातून बाहेर निघणार आणि मला ग्रंथालयाच्या कामाला लावणार, असं आधीच कानावर आलं होतं. खरं सांगायचं तर ग्रंथालयाची मला भीती नव्हती. पण सत्तेचाळीस गेलं असतं, तर एवढ्या वर्षांत मी काहीच पाहिलं नाही, असं ठरलं असतं. ते मला पेलत नव्हतं. म्हणून योजना मिटवा असं दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणावं, असं ठरवून मी केंद्रप्रमुखांकडे गेलो.

डॉ. खंदारे म्हणजे धिप्पाड, मोकळ्या आवाजाचा माणूस. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि बरं झालं तुम्ही स्वतःहून आलात, असं म्हणाले. कुणाचा तोंडावर अपमान करायला त्यांना आवडत नसे. बैठकीत मी दोन वाक्यांत काय ते सांगायचं आणि खाली बसायचं, असं ठरलं.

"मनाला लावून घेऊ नका वो सेलूकर," मला दारापर्यंत पोचवत ते म्हणाले. "ज्वारी काय, आपण मुळं बघितली नाहीत तरी उगवतीच की."

हे ते समजूत म्हणूनच बोलले होते.

काचघरातला माझा कोपरा आता रिकामा होणार, तर तो कुणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून मी तिथून पिंगळीकर मॅडमकडे गेलो. डॉ. हेमलता पिंगळीकर व्हरांड्यात माझ्यासमोरच्याच खोलीत बसत. त्यांचं काम टारफुल्यावर होतं. टारफुला म्हणजे पांढऱ्या फुलांचं, दिसायला गरीब असं तण. पण ते जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटतं आणि तिला शोषून वाळवतं. आमच्या दोन दारांत सात-आठ पावलांचं अंतर असेल. इतक्या वर्षांत मी ते फारसं ओलांडलं नव्हतं. त्या मोठ्यानं हसत, मोठ्यानं भांडत, आणि मला पाहिलं की हटकून काहीतरी विचारत. उत्तर सुचेपर्यंत मी माझ्या खोलीत पोचलेला असे.

"तुम्हाला काचघरात जागा कमी पडते ना," मी दारातूनच म्हणालो. "माझा कोपरा घ्या."

"आणि तुम्ही?"

"मी बंद करतोय."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि समोरच्या स्टुलावरची पुस्तकं उचलून मला बसायला लावलं. मग एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घेतलं. निळी मुळं, नातवंडं, बैठक. मधे मधे त्या "हं" म्हणत होत्या. सत्तेचाळीसचं नाव निघालं तेव्हा मात्र हसल्या.

"त्याला मीसुद्धा मागच्या साली टाकून दिलं," त्या म्हणाल्या. "फार खोटारडं वाण."

त्यांनी सांगितलं ते असं. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. ज्वारीच्या मुळातून काहीतरी पाझरतं, ते बीपर्यंत पोचलं की मगच ते उगवतं; एरवी पाणी घाला, खत घाला, ढिम्म हलत नाही. केंद्रातल्या प्रत्येक वाणाच्या कुंडीत त्यांनी हे बी टाकून पाहिलं होतं. सत्तेचाळीसच्या कुंडीत काहीच उगवलं नाही. त्यांना आनंद झाला, टारफुला न येणारी ज्वारी मिळाली म्हणून. मग त्यांनी सत्तेचाळीस शेतात लावलं, तर त्याच्या बुडाशी टारफुला हा एवढा.

"कुंडीत एक आणि शेतात एक. असलं कुणाला दाखवणार? साहेब म्हणाले असते, मॅडम, कुंडीला पाणी घालायला विसरलात. मी म्हटलं, कुंडीतलं बीच मेलेलं असणार. सोडून दिलं."

"शेतात त्याच्या आजूबाजूला काय होतं?" मी विचारलं.

"मालदांडी. दोन्ही बाजूंना मालदांडीच्याच ओळी."

मला एक गोष्ट सुचली. सुचलेली गोष्ट लगेच बोलायची मला सवय नाही. बहुतेक वेळा ती थोड्या वेळात चुकीची ठरते, आणि बोललो नाही याचं समाधान तेवढं पदरात पडतं. मी उठलो आणि दारापर्यंत गेलो.

"सेलूकर," मागून आवाज आला, "तुमच्या तोंडात काहीतरी आहे. एक तर गिळा, नाहीतर बाहेर काढा."

मी थांबलो. "नातवंडं मी संत्र्याच्या खोक्यांत लावली होती," मी म्हणालो. "कुंड्या पुरत नव्हत्या. एका खोक्यात दाटीनं, सगळी एकत्र."

"मग?"

"आजोबा कुंडीत एकटे होते."

माझं वाक्य संपायच्या आतच त्यांना ते कळलं होतं. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच पुन्हा बसल्या.

"म्हणजे त्यानं दार लावून घेतलेलंच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "ते हाक मारत नाही. शेजारच्या मालदांडीनं हाक मारली की बुरशी येते, आणि एकदा आली की याच्याही घरात शिरते. माझा टारफुलाही तसाच येतो."

"असं असू शकेल," मी म्हणालो. "नसूही शकेल."

"तुमचं ते नसूही शकेल दोन दिवस माझ्या टेबलावर ठेवून जा."

भिजवून तयार केलेलं टारफुल्याचं बी त्यांच्याकडे कायम असे. मी मालदांडीच्या कुंडीतून झिरपलेलं पाणी आणलं, सत्तेचाळीसच्या कुंडीतलंही आणलं, आणि त्यांनी टीपकागदावरच्या बियांना ते वेगवेगळं दिलं. मालदांडीच्या पाण्यावर दोन दिवसांत बियांना पांढरे मोड फुटले. सत्तेचाळीसच्या पाण्यावर काही नाही. मग त्या न उगवलेल्या बियांनाच त्यांनी मालदांडीचं पाणी दिलं. बैठकीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून भिंग हातात दिलं. ते बीही उगवलं होतं. म्हणजे ते मेलेलं नव्हतं.

एवढ्यावर माझं सिद्ध झालं नव्हतं, हे मला कळत होतं. टारफुला वेगळा, बुरशी वेगळी. नातवंडं एकेकटी लावून, महिना-दीड महिना वाढवून, त्यांत चारांत एक कोरं निघतं का ते बघायला हवं होतं. त्यासाठी योजना जिवंत राहायला हवी होती, आणि ती मिटवतो म्हणून मीच सांगून बसलो होतो.

बैठकीत माझी पाळी आली. साहेबांनी जमलेल्यांना सांगितलं, की सेलूकरांनी मोठ्या मनानं आपली योजना थांबवायचं ठरवलंय. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहिलो. ठरलेली दोन वाक्यं आठवत होती आणि तीच तोंडातून बाहेर पडणार, असं मला स्वच्छ दिसत होतं.

पिंगळीकर मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, माझं मागच्या सालचं एक निरीक्षण चुकलं होतं. ते सेलूकरांनी दुरुस्त केलंय. आधी त्यांना ते सांगू द्या."

मग मला सांगावंच लागलं. खोकी, कुंड्या, शेतातल्या ओळी, टीपकागदावरचं बी. मधेच मी फळ्याकडे गेलो आणि मुळं काढून दाखवली. किती वेळ बोललो ते आठवत नाही, पण कुणी जांभई दिली नाही. मला मार्चअखेरपर्यंतची मुदत हवी, असं शेवटी मीच म्हणालो. त्या वाक्याचं मला अजून नवल वाटतं.

खंदारे साहेबांनी माझ्याकडे, मग मॅडमकडे पाहिलं. "त्या दिवशी म्हणता बंद करतो, आज म्हणता मुदत द्या," ते म्हणाले. "दिली मार्चपर्यंत. पण मग नाही निघालं काही, तर तुमचं ते सत्तेचाळीस मी गुरांपुढं टाकणार. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

मुदत मिळाली, पण कुंड्या मिळाल्या नाहीत. मला एका कुंडीत एकच झाड हवं होतं, आणि झाडं पुष्कळ. भांडारातून निरोप आला की नवीन कुंड्या एप्रिलनंतर. त्याच संध्याकाळी व्हरांड्यात उभ्या असताना मॅडमनी केंद्राच्या कॉलनीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी संक्रांत. घरोघर सुगडं आली होती.

सुगड म्हणजे ओंजळीत मावेल एवढं काळं-तांबडं मडकं. संक्रांतीला बायका त्यात हरभरा, ऊस, बोरं, ज्वारीचं कणीस असं शेतात आलेलं घालून पूजतात आणि एकमेकींना देतात. सण झाला की ती घरात पडून राहतात. बुडाला एक भोक पाडलं, तर ज्वारीच्या रोपाला दीड महिना पुरेल एवढी माती त्यात सहज मावते.

"तुम्ही मागून आणाल का?" मी त्यांना विचारलं.

त्यांचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. "हळदीकुंकवाचं बोलावणं मला नसतं," त्या साधेपणानं म्हणाल्या. "त्या दिवसांत मी कुणाच्या दारात जात नाही. तुम्हालाच जावं लागेल."

मी गेलो. खंदारे साहेबांच्या घरापासून सुरुवात केली, आणि नेमकं तिथंच हळदीकुंकू चालू होतं. ओसरीवर बायका, त्यांच्यामध्ये मी, हातात रिकामं पोतं. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. साहेबांच्या पत्नी, खंदारे वहिनी, पुढं आल्या.

"या की भाऊजी. पण तुम्हाला कुंकू लावू का तिळगूळ देऊ?"

"सुगडं," मी म्हणालो. एवढाच शब्द निघाला.

एका म्हाताऱ्या बाईंना ते रुचलं नाही. पूजेची मडकी, त्यांत औषधं बिवषधं घालणार, असं त्या पुटपुटल्या. औषध नाही, ज्वारी पेरायची आहे, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग पेर बाबा, आम्ही तरी दुसरं काय घालतो त्यात. हे कुणासाठी, असं वहिनींनी विचारलं तेव्हा मी माझं आणि पिंगळीकर मॅडमचं नाव घेतलं. ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्या हातातून पोतं घेतलं आणि तुम्ही जा, असं सांगितलं.

रथसप्तमीनंतर त्या स्वतः प्रयोगशाळेत आल्या. बरोबर कॉलनीतल्या दोघी होत्या आणि टोपल्या भरून सुगडं. त्या मॅडमना म्हणाल्या, की पुढच्या साली तुम्ही आमच्याकडे यायचं. कोण काय म्हणतं ते मी बघते. मॅडमनी टोपलीतलं एक सुगड उचललं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला.

"आधी ह्यांची ज्वारी उगवू दे वहिनी," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

काचघरात सुगडांच्या ओळी लागल्या. वाफवलेली माती, थोडी बुरशी, आणि प्रत्येकात नातवंडाचा एकच दाणा. मॅडमनी आणखी एक गोष्ट करायला लावली. काही सुगडांत त्यांनी सत्तेचाळीसचा दाणा एकटा पेरला आणि काहींत त्याच्या शेजारी मालदांडीचा. मी म्हणालो, नुसती नातवंडं पुरतील. त्या म्हणाल्या, पुरतील. पण साहेबांच्या गुरांना पुरणार नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही मुळं धुतली. एका सुगडात जोडीनं पेरलेल्या रोपांची मुळं एकमेकांत गुंतली होती. खोडापासून धरून पाण्यात हळूहळू ती सोडवायला मला सगळा दिवस लागला. असल्या कामात मी बरा आहे. शाई आणि व्हिनेगरचा वास खोलीत कोंदला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पट्टी मॅडमनी पाहिली.

"निळं," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा निळं. पुन्हा निळं. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिलो. रिकाम्या झालेल्या ज्वारीच्या रानात बगळे उतरले होते.

"सेलूकर, इकडं या."

मी वाकून पाहिलं. मूळ आरपार कोरं होतं, पेशींच्या भिंती दिसत होत्या आणि त्यांच्यात काही नाही. त्यानंतर आम्ही दोघं आलटून पालटून बघत गेलो. दुपारपर्यंत हिशेब लागला. जवळपास चारांत एक कोरं होतं. आणि सत्तेचाळीस सुगडात एकटं होतं तिथं कोरं, मालदांडीच्या शेजारी होतं तिथं निळं. दोरे होते, पेशीतली नक्षीही होती. साध्या झाडापेक्षा जरा विरळ, पण होती.

मॅडम त्या शेवटच्या पट्टीवर बराच वेळ डोळा लावून होत्या.

"बघा," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "आत घ्यायला याची काही ना नव्हती."

मी पट्टीचा नंबर वहीत उतरवला.

साहेबांनी पट्ट्या पाहिल्या, सत्तेचाळीसचं बी शीतकपाटात परत ठेवायला सांगितलं आणि गुरांचं नाव पुन्हा काढलं नाही. आम्ही दोघांच्या नावानं एक छोटा निबंध लिहिला. जनुकाला नाव देण्याची रीत असते. ते नसलं की झाडाचं काय होतं, त्यावरून देतात. मॅडमनी 'अबोल' सुचवलं. सुचवताना त्या माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हत्या. ते नाव पुढं टिकलं नाही. ते जनुक नेमकं कुठं आहे आणि झाडाला कोणतं द्रव्य करायला लावतं, ते मोठ्या प्रयोगशाळांतल्या तरुण लोकांनी नंतर काढलं, फार सुंदर काढलं, आणि त्यांनी त्यांचं नाव दिलं. त्यांचं काम वाचताना मला समजायला अडचण आली नाही, एवढं मी समाधानानं सांगू शकतो.

पण मी सांगत होतो ते त्या दुपारचं. काचपट्ट्या पुसून डब्यात ठेवता ठेवता मॅडमनी विचारलं, "रविवारी काय करता तुम्ही?"

"वाचतो."

"मोठ्यानं?"

"नाही. मनातल्या मनात."

"सासूबाईंना आता दिसत नाही. त्यांना गोष्टी ऐकायच्या असतात. माझ्याच्यानं होत नाही. मी निम्म्यातच शेवट सांगून टाकते, मग त्या चिडतात." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही या."

त्या रविवारी मी गेलो. म्हातारी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी पुस्तक उघडलं आणि वाचू लागलो. पानभर वाचून झाल्यावर तिनं विचारलं, पाहुणे आले का गं अजून? मॅडम स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आलेत, वाचतायत. म्हातारी माझ्या दिशेनं वळली.

"मग ऐकू येईल असं वाच की, बाबा. मी काय खाते का तुला?"

मी पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी उठलो तेव्हा माझा घसा पार बसला होता.

म्हातारी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. या घरात मी अजून मोठ्यानं वाचतो. हेमलता अजून निम्म्यातच शेवट सांगून टाकते.